घरावर कललेले झाड

दुसरबीडहून एका भगिनीचे पत्र आले. ह्या सदराकडे सहसा पत्रे येतात ती बोंडअळीची, सोयाबीन पिवळे पडल्याची, नाहीतर गाय वारंवार उलटते म्हणून. हे पत्र निराळे होते. त्या लिहितात, "आमच्या स्वयंपाकघराच्या मागे कडुनिंबाचे मोठे झाड आहे. दोन पावसाळे झाले, ते टिनांवर कलू लागले आहे. घरधनी म्हणतात, दोर लावून ट्रॅक्टरने ओढून पाडू. सासूबाई म्हणतात, मामंजींनी लावलेले झाड आहे, माझ्या डोळ्यांदेखत त्याला कुऱ्हाड लावायची नाही. मी रोज त्याच टिनांखाली चूल पेटवते. काय करावे ते कळवावे."

अशा पत्राला पोस्टाने उत्तर देता येत नाही. झाड पाहिल्याशिवाय झाडाबद्दल बोलू नये, हे मी फार महागात शिकलो आहे. ती हकिकत पुढे सांगतोच. मेहकर–सिंदखेडराजा रस्त्याने जाणे होतेच, म्हणून दुसरबीडला उतरलो.

तिकडे जाताना डोक्यात पारस होते. आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात, बाळापूर तालुक्यात हे गाव आहे. ९ एप्रिल २०२३ ला, रविवारी संध्याकाळी, तेथे वादळवारा आणि अवकाळी पाऊस सुरू झाला. बाबूजी महाराज संस्थानात दर्शनाला आलेली तीस-चाळीस माणसे पावसापासून बचाव म्हणून टिनाच्या शेडखाली उभी राहिली. शेजारचे शंभरेक वर्षांचे कडुनिंबाचे झाड मुळासकट उन्मळून त्या शेडवर पडले. सात माणसे गेली, कितीतरी जखमी झाली. झाड उचलायला जेसीबी आणावा लागला. माणसे काही झाडाखाली उभी नव्हती, छपराखाली होती. टिन पाऊस अडवते, झाड अडवीत नाही. वादळ आले की आपण घरात पळतो. पण घरावरच झाड कललेले असेल तर ते पळणे उलट दिशेचे ठरते.

दुसरबीडच्या त्या घरी पोचलो तेव्हा आजी झाडाखालीच बाजेवर बसल्या होत्या. झाड खरोखर सुरेख. नवी पालवी, मोहोर, वर पाखरे. आजी म्हणाल्या, "साहेब, आमच्या बुढ्यानं लावलं हे. पाहा ना कसं हिरवंगार आहे. असं झाड पडन का?"

आता माझी हकिकत सांगतो. नोकरीची पहिली वर्षे होती. दुसऱ्या एका तालुक्यात एका कास्तकाराच्या गोठ्यावर बाभूळ कलली होती. त्याने मला विचारले. मी मान वर करून शेंडा पाहिला आणि ऐटीत सांगितले, "झाड हिरवे आहे, काही होत नाही." मृगाच्या दुसऱ्या पावसात ती बाभूळ गोठ्यावर आली आणि ऐन पेरणीच्या तोंडावर त्याचा एक बैल गेला. तो कास्तकार मला एका शब्दानेही बोलला नाही. अजून तेच बोचते. मी वर पाहिले, खाली पाहिले नाही. पाने हिरवी राहायला थोडी बारीक मुळे पुरतात. झाड उभे राहायला जाड मुळे लागतात. ती कुजली किंवा तुटली तरी झाड वर्ष-दोन वर्षे हिरवेच दिसते. उलट वाळलेल्या झाडापेक्षा हिरवे झाड वाऱ्यात जास्त धोक्याचे, कारण पानांचे शीड त्याला असते. आणि वाऱ्याचा हिशेब सरळ नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो. रोजच्या वाऱ्यात झाड टिकते, म्हणून ते वावधानातही टिकेल असे धरून चालू नये.

म्हणून दुसरबीडला मी आधी खाली बसलो. खोडाकडे पाहताना पहिला प्रश्न हा की झाड जुने वाकडे आहे की नवे कललेले. लहानपणापासून उजेडाच्या शोधात एकीकडे गेलेले झाड बुंध्याशी वाकलेले असते, पण वर जाता जाता पुन्हा सरळ होते. धनुष्यासारखा बाक पडतो. अशा झाडाने इतक्या वर्षांत त्या बाजूला लाकूड आणि मुळे दोन्ही भक्कम केलेली असतात. नुसते वाकडे आहे म्हणून ते तोडू नये. नवे कललेले झाड मात्र शेंड्यापर्यंत एका रेषेत तिरपे असते, खोचलेली काठी कलावी तसे. हे निंब तसेच होते.

झाड पूर्वेला, स्वयंपाकघराकडे कललेले. म्हणजे त्याला धरून ठेवणारी मुळे पश्चिमेची. तंबूची दोरी जशी ओढीच्या विरुद्ध बाजूला ताणलेली असते, तसे त्यांचे काम. पश्चिमेला बुंध्यापासून चार फुटांवर काय होते? संडासचा खड्डा. कधी खोदला म्हणून विचारले, तर तीन वर्षांपूर्वी, जेसीबीने, अर्ध्या तासात. खड्ड्याच्या कडेला मनगटाएवढ्या मुळांची कापलेली टोके दिसत होती. झाडाच्या मुळ्या खोल पाताळात जातात असा आपला समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक मुळे वरच्या दोन-अडीच फूट मातीत आडवी पसरतात आणि घेराच्याही बाहेर जातात. जेसीबीचा एक घास म्हणजे झाडाच्या दोन-तीन दोऱ्या कापणे होय. संडास बांधू नये असे कोण म्हणेल? पण खड्डा दहा पावले पलीकडे घेता आला असता. खड्डा खोदणाऱ्याला झाड दिसत नाही आणि झाड पाहणाऱ्याला खड्डा आठवत नाही, असे हे काम आहे.

बुंध्याच्या पश्चिमेला जमीन किंचित फुगलेली होती आणि अर्धगोल भेग पडली होती. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतातच, त्या वेड्यावाकड्या आणि सगळीकडे असतात. ही एकच, झाडाभोवती फिरलेली. काळी माती सुकली की आकसते आणि बारीक मुळे तोडते. मग पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी थेट भेगेतून खाली जाते आणि मुळांखालची माती लोण्यासारखी होते. म्हणूनच आपल्याकडे झाडे पडतात ती वळवात आणि मृगात. नवतपा संपण्याआधी जे करायचे ते करून घ्यावे, असे मी म्हणतो ते ह्यासाठी.

कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने खोड ठोकून पाहिले. भरीव लाकूड टणटण वाजते, पोकळ लाकूड ढोलासारखे. हे बहुतेक भरीव होते, बुंध्याशी मात्र एका बाजूला आवाज बसका आला. तेथेच बांगडीएवढी कडक, तपकिरी अळंबी चिकटलेली होती. जमिनीलगत खोडावर अशी अळंबी दिसली तर ती नुसती खरवडून काढून समाधान मानू नये. ती बाहेर दिसते तेव्हा आतले लाकूड बऱ्याच काळापासून कुजत असते. ढोली असेल तर लोखंडी सळई घालून भोवतीच्या भरीव लाकडाची जाडी पाहावी. तीन फूट व्यासाच्या खोडाला चहूकडून पाच-सहा इंच तरी चांगले लाकूड हवे. हा ठोकताळा आहे, कायदा नव्हे. आणि मुळे तुटलेल्या झाडाला तो लागूच पडत नाही.

ज्यांच्या दारचे झाड संशयास्पद आहे, पण निश्चित काही सांगता येत नाही, त्यांनी गवंड्याचा ओळंबा मागून आणावा. खोडाला सहा फुटांवर खिळा न मारता दोरी गुंडाळून ओळंबा सोडावा आणि तो टेकतो तेथे खुंटी ठोकावी. दर पंधरा दिवसांनी, आणि प्रत्येक मोठ्या पावसा-वाऱ्यानंतर, त्याच जागी ओळंबा सोडून पाहावे. वर्षभर तो खुंटीवरच आला तर झाड स्थिर आहे. बोटभर जरी सरकला तरी त्या बाजूच्या खोलीत झोपणे बंद करावे. दुसरबीडला ह्याची गरज नव्हती. तरी घरधन्यांना दाखविले, कारण त्यांच्या शेतात विहिरीजवळ दुसरे एक झाड आहे.

झाड किती उंच, हे मोजायला वर चढावे लागत नाही. डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढी काठी घ्यावी, हात सरळ ताणून ती उभी धरावी आणि सपाट जमिनीवर मागे मागे जावे. काठीच्या खालच्या टोकाशी बुंधा आणि वरच्या टोकाशी शेंडा जुळला की थांबावे. तेथून झाडापर्यंतचे अंतर म्हणजे जवळपास झाडाची उंची. हे निंब बेचाळीस फूट निघाले. स्वयंपाकघर चौदा फुटांवर. घरधन्यांच्या घरचा दोर तीस फूट.

येथेच त्यांच्या ट्रॅक्टरच्या बेताचा निकाल लागला. बेचाळीस फुटांचे झाड तीस फुटांच्या दोराने ओढले, तर ते ज्या जागी पडेल तेथे ट्रॅक्टर आणि त्यावर बसलेला माणूस असतो. दोर कमीत कमी झाडाच्या दीडपट ते दुप्पट हवा. शिवाय उंचावर बांधलेला दोर ट्रॅक्टरला नुसता मागे नव्हे, वरही खेचतो. पुढची चाके उचलली गेली की ट्रॅक्टर चालकावर उलटतो. आणि ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा येतो. घरधनी हसून म्हणाले, "साहेब, आजवर असेच पाडत आलो." खरे आहे. पडले नाही तोवर सगळेच तसे करीत असतात.

वावरात एकटे उभे असलेले, जिकडे कलले तिकडेच पाडायचे झाड ह्या मानाने सोपे वाटते. पण त्याचीही एक खोड आहे, ती सांगून ठेवतो. कललेल्या खोडाच्या वरच्या बाजूचे लाकूड धनुष्याच्या दोरीसारखे ताणलेले असते. पुढे नीट खाच न घेता मागून कापत गेले की खोड अर्ध्यावरच उभे चिरते, मागचा भाग उसळतो आणि कापणाऱ्याच्या छातीवर किंवा जबड्यावर येतो. हे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. म्हणून पडण्याच्या बाजूला आधी खाच, व्यासाच्या चौथ्या हिश्शापेक्षा खोल नको. मग मागून काप. आणि मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी पट्टी बिजागरीसारखी शिल्लक. मागे तिरप्या दिशेने पळायची वाट आधीच साफ करून ठेवावी. जास्त कललेल्या जाड झाडाला हे काम पेट्रोलच्या करवतीत मुरलेल्या माणसानेच करावे. हल्ली ही करवत, ज्याला आपण कटर म्हणतो, भाड्याने मिळते. ती चालविण्याची अक्कल भाड्याने मिळत नाही.

घरावर कललेले झाड मात्र एकसंध पाडताच येत नाही. ते वरून तुकड्या-तुकड्यांनी उतरवावे लागते. ह्यासाठी झाडकटाई करणारे दोघे भाऊ बोलावले. त्यातल्या थोरल्याने बुंधा पाहिला, खड्डा पाहिला, भेग पाहिली आणि सांगितले, "ह्याच्यावर मी असा चढत नाही." मला तो माणूस तेथेच पटला. जो लगेच लुंगी खोचून चढतो त्याला काम देऊ नये.

त्याने सुतळीला दगड बांधून तो उंच दुबेळक्यातून फेकला, सुतळीमागून दोर आणि दोरामागून विहिरीच्या यारीचा पोलादी दोर ओढून घेतला. तो पश्चिमेला धुऱ्यावरच्या जुन्या, भक्कम बाभळीला ताणून बांधला. सालीला काप बसू नये म्हणून मध्ये गोणपाट घातले. तासभर ओळंबा पाहिला, हलला नाही, मगच तो चढला. जेथे असा भक्कम आधार मिळत नाही तेथे हायड्रा क्रेन बोलवावी, पैसे गेले तरी चालतील.

त्याआधीची कामे सांगायची राहिली. पहिले काम विजेचे. खांबावरून घरात येणारी तार फांद्यांतून गेली होती. महावितरणकडे लेखी अर्ज दिला आणि त्यांच्या माणसांनी त्या दिवशी पुरवठा बंद करून तार सोडविली. स्वतः फ्यूज काढून काम करू नये. ओली फांदी आणि तार ह्यांची गाठ पडली की खाली उभा असलेलाही वाचत नाही.

दुसरे परवानगीचे. महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम, १९६४ प्रमाणे काही झाडे स्वतःच्या मालकीची असली तरी विनापरवाना तोडता येत नाहीत. आंबा, चिंच, जांभूळ, मोह, सागवान, फणस, अंजन ही त्या यादीतली. कडुनिंब आणि बाभूळ यादीत नाहीत. तरीही ग्रामपंचायतीला कळवावे, वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करावी, आणि लाकूड गावाबाहेर न्यायचे असेल तर पासाबद्दल आधी विचारावे. झाड सामाईक धुऱ्यावर असेल तर शेजाऱ्याची सही घ्यावी. धुऱ्यावरच्या झाडांनी जेवढी भावकी तोडली तेवढी झाडे भावकीने तोडली नसतील. नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा लागतो, तेथे परवानगीशिवाय कुठल्याच झाडाला हात लावू नये.

तिसरे काम घरातल्यांचे. चूल शेजारी हलविली, शेळ्या दुसरीकडे बांधल्या, आणि स्वयंपाकघरावरची टिने खिळे काढून उतरवून ठेवली. ही कल्पना पत्र लिहिणाऱ्या भगिनींची. मला सुचली नव्हती. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कुणी येऊ नये म्हणून दोरी बांधली. गावात झाड कापणे म्हणजे तमाशाच. पोरे दोरीखालून आत येतात, म्हणून त्यांच्यावर नजर ठेवायला एक कडक आत्याबाई बसविल्या. त्या दिवसाचे सर्वांत चांगले काम त्यांनी केले.

आधी पूर्वेच्या, घरावरच्या फांद्या काढल्या, म्हणजे भार कमी होतो. प्रत्येक फांदीला आधी खालून थोडा काप, मग वरून. नाहीतर ती साल फाडत खाली झुलते आणि चढलेल्याला धडक देते. फांदी बांधण्याचा दोर वेगळा, माणसाचा दोर वेगळा, आणि माणसाचा दोर कापत्या फांदीला कधीही नाही. दुपारी वारा सुटला तेव्हा काम थांबविले. संध्याकाळपर्यंत बारा-तेरा फुटांचे उघडे खोड उरले. ते पश्चिमेचा ताण कायम ठेवून, भिंतीला समांतर, उत्तरेकडे खाच घेऊन त्याच दिवशी पाडले. अर्धे कापलेले झाड रात्रभर उभे ठेवू नये.

वादळात आधीच पडलेल्या झाडाबद्दल दोन गोष्टी. पडलेल्या झाडाजवळ तार असेल तर महावितरणचे लोक येईपर्यंत कुणी जवळ जाऊ नये. तक्रारीचा क्रमांक १९१२ आहे. घराचे नुकसान झाले असेल तर लाकूड हलविण्याआधी फोटो काढून तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा. आणि ही गोष्ट आयाबायांनी ध्यानात ठेवावी: उन्मळून पडलेल्या झाडाचे मुळांचे चाक उभे राहते आणि खाली खड्डा होतो. त्या खड्ड्यात पोरे लपाछपी खेळतात. वरचे खोड कापले की भार सुटतो आणि ते मुळांचे चाक धप्पकन परत खड्ड्यात बसते. खोडाला करवत लावण्यापूर्वी खड्ड्यात वाकून पाहावे, मगच काम सुरू करावे.

राहता राहिल्या आजी. त्यांना पटविणे माझ्याने झाले नाही. मी भेग दाखविली, अळंबी दाखविली, पारसची हकिकत सांगितली. त्या ऐकत राहिल्या. शेवटी सूनबाई एवढेच म्हणाल्या, "आत्याबाई, सकाळी दूध मागायला नातू माझ्याजवळ चुलीपाशीच बसतो." आजी उठल्या, झाडाला हळदकुंकू लावले आणि दिवसभर लेकीच्या घरी जाऊन बसल्या. संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी लाकडाचा हिशेब मात्र चोख घेतला. सरळ तुकड्यातून नव्या दाराची चौकट काढायची, निंबाला कीड कमी लागते. दुबेळक्याचा तुकडा कोणी विकायचा नाही.

नवीन निंब लावायचाच, असे त्यांनी बजावले आहे. निंबोळ्या पिकल्या की आठ-पंधरा दिवसांत पेराव्यात, ठेवल्या तर उगवण झपाट्याने कमी होते, हे मी त्यांना सांगितले. जागेसाठी त्यांनी लगेच खुंटी ठोकली, ती अंगणातच, घरापासून दहा फुटांवर. मी पावले मोजून ती चाळीस फुटांवर, धुऱ्याजवळ नेली. मी गेल्यावर ती पुन्हा आत आली असेल तर मला नवल वाटायचे नाही. पावसाळ्यात पुन्हा त्या रस्त्याने जाणे आहे, तेव्हा पाहीन.